पंधरा वर्षांच्या मुलीला बॅटरीची स्कूटर: ‘लायसन लागत नाही’ हे कितपत खरं?

येळ्ळूरकर
नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहितो, कारण या विषयावरून घरात आठ दिवस नुसती चर्चा चालू आहे आणि निर्णय काही होत नाही.

माझी थोरली यंदा दहावीला. शाळा बेळगावात शहापूरला आणि सकाळची शिकवणी टिळकवाडीत, साडेसहाला. घरापासून सात-आठ किलोमीटर. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे मुलींना बसचं तिकीट नाही, ही मोठी सोय झाली. पण सकाळची गाडी भरून येते आणि पाठीवर दप्तर घेऊन पोरगी दारात उभी राहून जाते, ते मला बघवत नाही. मी सोडायला गेलो तर म्हशींची धार राहते. बायको गाडी चालवत नाही.

परवा शहरात एका दुकानात बॅटरीची स्कूटर बघितली. पंचावन्न हजार सांगितले. दुकानदार म्हणाला, “लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको. वयाचं तर काहीच नाही, आठवीतली पोरं नेतात.” पोरीला पंधरा वर्षं चार महिने झालेत. तिने दुकानातच चावी हातात घेतली होती. माझी आई म्हणते घे, बायको म्हणते अजिबात नको.

कायद्यात खरोखर वयाची अट नाही का? रस्त्यात अडवलं तर काय सांगायचं? आणि देव न करो, पण काही झालंच तर जबाबदार कोण? माहीतगारांनी सांगावं.

निपाणीचा मामा
घेऊन टाका की. आमच्या गल्लीत चार पोरं चालवतात, दोन वर्षं झाली. कुणी अडवलं नाही.

शहापूरचा बंड्या
आधी पोरीला विचारा, चार्जिंगला लावायची आठवण कोण ठेवणार! आमच्याकडे ते काम माझ्याकडे आलंय.

काळा कोट
येळ्ळूरकर, मी बेळगाव कोर्टात अपघाताच्या दाव्यांचं काम करते, म्हणून जरा लांबवून लिहिते. दुकानदाराचं बोलणं अर्धं खरं आहे, आणि अशा अर्ध्या खऱ्यावर विसंबूनच माणसं अडकतात.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ४ प्रमाणे रस्त्यावर मोटार वाहन चालवायला १८ वर्षं पूर्ण लागतात. ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीला १६ पुरतात. सोळाच्या आत काहीच नाही. मग बॅटरीच्या गाडीला सूट आली कुठून? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये बॅटरीवरच्या वाहनाची व्याख्या आहे. मोटर सलग तीस मिनिटं जी ताकद देऊ शकते ती २५० वॉटपेक्षा कमी हवी. जास्तीत जास्त वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. बॅटरी सोडून वजन ६० किलोपेक्षा जास्त नको. ब्रेक धड हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. हे सगळं जुळलं आणि अधिकृत चाचणी संस्थेने तपासून तसा दाखला दिला, तरच ती गाडी ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट ही त्या संस्थांची नावं.

मोटार वाहनच नाही म्हटल्यावर लायसन नाही, नोंदणी नाही, सक्तीचा विमा नाही, आणि केंद्राच्या नियमात वयाची अटही नाही. दुकानदार हेच सांगतो. पण यातली एक जरी अट मोडली, तर तीच गाडी त्याच क्षणी बिननोंदणीचं, बिनविम्याचं मोटार वाहन होते, आणि वर बसलेली मुलगी अल्पवयीन. तेव्हा वयाआधी ती गाडी नक्की कोणती आहे ते बघा.

येळ्ळूरकर
वकीलताई, खूप आभार. गाडीवर बाजूला २५० वॉटचा स्टिकर आहे. तेवढं पुरेल ना?

उद्यमबागचा फिटर
स्टिकर कुणीही चिकटवतो, दादा.

मी दहा वर्षं वायंडिंग आणि गाड्यांचं काम करतो. गेल्या तीन-चार वर्षांत बॅटरीच्या गाड्या लई येतात. सीट उचलली की खाली कंट्रोलर, तळहाताएवढा अॅल्युमिनियमचा डबा. वेग तिथे बांधलेला असतो. पोरं येतात आणि सरळ म्हणतात, “काका, स्पीड खोलून द्या.” काही गाड्या तर दुकानातूनच खोललेल्या येतात. हँडलवर एक, दोन, तीन असं बटण असतं. एकवर पंचवीस, तीनवर चाळीसच्या पुढे. मी हे काम करत नाही. गिऱ्हाईक रागावून जातं, जाऊदे.

कारण सांगतो. ताशी २५ म्हणजे सेकंदाला सात मीटर. ४५ म्हणजे साडेबारा. समोर काही आलं आणि ब्रेक दाबायचं सुचायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी साडेपाच मीटर जास्त पुढे गेलेली असते. धडकेचा जोर तर तिपटीहून जास्त होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. आणि त्या गाडीचे ड्रम ब्रेक, बारीक टायर, हलकी चेसी, सगळं पंचवीसच्या हिशोबानेच बनवलेलं असतं.

खानापूरच्या बाई
मी शिक्षिका आहे, आणि मला दुसरी बाजू मांडायची आहे. इथे सगळे घाबरवायलाच बसलेत असं वाटतंय.

आमच्या तालुक्यात जांबोटीच्या बाजूला अशी गावं आहेत जिथून हायस्कूल सहा-सात किलोमीटर. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की मुलं घरी. मुलगा असेल तर कुणाच्या तरी मागे बसून येतो. मुलगी असेल तर “दहावी झाली ना, पुरे” म्हणतात. माझ्या वर्गात एक मुलगी होती, गणितात पहिली. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, कॉलेज लांब म्हणून तिचं शिक्षण थांबलं. आज तिची आठवण आली की पोटात कालवतं.

तेव्हा पंचवीसच्या वेगाची खरी गाडी कायद्यात बसत असेल, तर मुलीला जरूर द्या. तिला हेल्मेट द्या, शिकवा, पण तिचं जाणं थांबवू नका.

काळा कोट
बाई, तुमचं पटतं. अस्सल कमी वेगाच्या गाडीला माझा विरोध नाही. पॅडल मारायची इलेक्ट्रिक सायकल तर मला आणखी आवडते. त्यात पॅडल थांबलं की मोटर थांबते आणि २५ च्या जवळ गेली की ताकद कमी होत जाते. प्रश्न खोट्या स्टिकरचा आहे.

अनगोळची काकू
मी कधी लिहीत नाही, नुसती वाचते. आज लिहिते.

माझ्या बहिणीचा मुलगा, चौदा वर्षांचा. त्याला अशीच गाडी घेतली होती, वाढदिवसाला. रविवारी संध्याकाळी बाजारातून येताना गल्लीच्या वळणावर एक आजोबा हातात दुधाची किटली घेऊन चालले होते. या गाडीला आवाज नाही. आजोबांना ऐकू गेलं नाही आणि पोराला वाटलं ते बाजूला होतील. आजोबा पडले, खुब्याचं हाड मोडलं. किटली घरंगळत पार गटारापर्यंत गेली, दूध सगळं रस्त्यावर. पोराला खरचटलंसुद्धा नाही, पण तो तिथेच खाली बसून रडत होता.

विमा नव्हता. ऑपरेशन, पुढची फिजिओथेरपी, सगळं बहिणीने केलं. सोन्याच्या पाटल्या मोडल्या. आजोबांच्या घरचे भले लोक, तक्रार केली नाही. पण बहीण आजही त्या गल्लीतून जात नाही.

येळ्ळूरकर भाऊ, लोक पोरीला काय होईल एवढंच बघतात. तिच्या हातून दुसऱ्याला काय होईल, तेही बघा.

निपाणीचा मामा
काकू, वाचून वाईट वाटलं. मी वर हलकेपणाने लिहिलं होतं, पण हा विचार डोक्यात आला नव्हता.

आमच्याकडचा एक धोका मीही सांगतो. उसाचा सीझन सुरू झाला की डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रात्रंदिवस. मागे लाइट नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. चिकोडी रोडला पहाटे धुक्यात ती ट्रॉली दहा फुटांवर आल्याशिवाय दिसत नाही. या गाड्यांचा हेडलाइट म्हणजे देवघरातला दिवा. ट्रॉलीत घुसला तर मोठ्या मोटरसायकलवाल्याचं काही राहत नाही, मग ही तर पोरं.

सांबऱ्याचा संतोष
ट्रॅक्टरवाल्यांनी मागे निदान रेडियमची पट्टी तरी लावावी. दरवर्षी बोलतो, दरवर्षी कुणीतरी जातं.

पीयूसीवाला
मी सतरा वर्षांचा आहे. सरकारने १६ ते १८ ला इलेक्ट्रिक स्कूटर चालवायला परवानगी दिली असं व्हॉट्सअॅपवर आलंय. मग सोळा झाले की येळ्ळूरकर काकांच्या मुलीला मोठी गाडी चालेल ना?

काळा कोट
बाळा, विचारलंस ते बरं केलंस. २०१८ मध्ये तसा विचार चालू असल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्याच अजून फिरतात. कलमात मात्र सोळाची सवलत ‘इंजिन ५० सीसीपर्यंत’ अशाच शब्दांत आहे. बॅटरीच्या गाडीला सीसी नसतात. हिरव्या नंबर प्लेटची, नोंदणी होणारी स्कूटर घ्यायची तर १८ पूर्ण आणि लायसन, असंच धरून चाल. तुझं एकच वर्ष राहिलंय.

आता पालकांसाठी. २०१९ च्या दुरुस्तीने १९९अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत शिकाऊ लायसनसुद्धा नाही. पालकांची संमती होती असं कोर्ट गृहीत धरतं. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेपूर काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचं. चावी आपणच हातात दिलेली असली की काय सिद्ध करणार?

आठवीतल्या पोराच्या हातात वेग खोललेली गाडी देणारे आईबाप भेटतात, तेव्हा मला हे त्यांना ओरडून सांगावंसं वाटतं.

शिनोळीकर
आमचं गाव महाराष्ट्रात, चंदगड तालुका, पण बाजारहाट सगळा बेळगावला. बाचीवरून पाच मिनिटांत तुमच्यात. आमच्या गाड्या एमएच-०९, तुमच्या केए-२२. तुमच्याकडे घेतलेली बिननंबरची गाडी आमच्याकडे चालते का?

काळा कोट
कायदा केंद्राचा, त्यामुळे व्याख्या आणि वय दोन्हीकडे सारखंच. जागेवर भरायच्या दंडाच्या रकमा मात्र राज्य ठरवतं, त्या वेगळ्या असू शकतात. आणि तुमच्याकडे २०२२ मध्येच परिवहन खात्याने २५० वॉट आणि २५ च्या वर नेलेल्या गाड्यांवर मोहीम काढली होती. सीमा ओलांडली म्हणून खोललेली गाडी कायदेशीर होत नाही.

शिनोळीकर
समजलं. भाच्यासाठी विचारत होतो. तो चौदाचा आहे, त्याला सायकलच बरी.

शहापूरचा बंड्या
सायकलवरून आठवलं. आमचे आप्पा सांगायचे, पूर्वी बेळगावात तासावर सायकल भाड्याने मिळायची. ते टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटपासून तिसऱ्या गेटपर्यंत शर्यत लावायचे. गेट पडलं की शर्यत बरोबरीत!

सांबऱ्याचा संतोष
आणि हरलेला कुंदा खायला द्यायचा. माझे काकापण हेच सांगतात.

खानापूरच्या बाई
कुंद्याचं नाव काढलंत, आता मूळ प्रश्न लांब राहिला. फिटरदादा, एक सांगा. खरी २५० वॉटची गाडी चढाला चढते का? आमच्याकडे चढच चढ.

उद्यमबागचा फिटर
चढते, पण हळू. कपिलेश्वरच्या उड्डाणपुलावर मुलगी एकटी असेल तर बारा-पंधराने जाईल. मागे मैत्रीण बसली की त्याहून कमी. हीच सोपी ओळख आहे बाई. अडीचशे वॉटवाली म्हणून विकलेली गाडी दोन मोठ्या माणसांना घेऊन पुलावर तीसने चढली, तर ती अडीचशेची नाही.

येळ्ळूरकर, दुकानात तीन गोष्टी करा. चाचणी संस्थेचा दाखला मागा आणि त्यावरचं मॉडेलचं नाव गाडीवरच्या नावाशी ताडून बघा. बिलावर वॉट आणि कमाल वेग लिहून घ्या. मोबाइलवर जीपीएसचा वेग लावून स्वतः चालवा, गाडीच्या डिस्प्लेवर जाऊ नका.

आणि बॅटरी कुठली ते विचारा. लेड-अॅसिड असेल तर वजनाला जड आणि दोनेक वर्षांत बदलायची पाळी येते.

येळ्ळूरकर
सगळ्यांचे आभार. आज दुपारी पोरीला घेऊन पुन्हा त्याच दुकानात गेलो. काय झालं ते सांगतो.

दाखला मागितला. आधी म्हणाले मालक बाहेर गेलेत. मग एक झेरॉक्स आणली. त्यावर मॉडेलचं नाव वेगळंच. मी म्हटलं हे या गाडीचं नाही. तर म्हणे कंपनी तीच आहे, चालतं. मग म्हटलं बिलावर २५ चा वेग लिहून द्या. त्यावर, “तसं आम्ही लिहीत नाही.”

तरी चालवून बघायची परवानगी दिली. मी चालवली, पोरगी मागे मोबाइल धरून बसली. सरळ मोकळ्या रस्त्यावर बटण तीनवर टाकून रेस दिली. डिस्प्लेवर पंचवीस. मागून पोरगी म्हणाली, “बाबा, एक्केचाळीस दाखवतंय.” मी थांबलो, तिच्या हातातला मोबाइल बघितला. एक्केचाळीसच. माझं वजन ऐंशी किलो आणि पोरगी मागे, तरी एक्केचाळीस.

चावी परत दिली. येताना पोरगी काही बोलली नाही. कोरे गल्लीपाशी आल्यावर म्हणाली, “काकूंच्या भाच्यासारखं माझ्या हातून झालं असतं तर?” मी तिला हा धागा वाचून दाखवला होता.

अनगोळची काकू
पोरीला माझा आशीर्वाद सांगा.

उद्यमबागचा फिटर
डिस्प्लेवर पंचवीस आणि खरा एक्केचाळीस, म्हणजे डिस्प्लेसुद्धा बांधून ठेवलेला. बरं झालं, जाऊन बघितलंत.

काळा कोट
आणि बिलावर लिहून द्यायला नकार दिला, हे लक्षात ठेवा. माल जसा सांगितला तसा निघाला नाही तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि तिथे बिल हाच पहिला कागद.

खानापूरच्या बाई
पण मग मुलीच्या शिकवणीचं काय? तो प्रश्न अजून तिथेच आहे. गाडी नको हे ठरलं, पण सकाळी साडेसहाला ती पोहोचणार कशी? दहावीचं वर्ष आहे.

येळ्ळूरकर
बाई, तोच विचार चालू आहे. पॅडलची इलेक्ट्रिक सायकल बघतोय, दाखला असलेली. पण सध्या सुगी आहे. येळ्ळूर-वडगाव रस्त्यावर भात मळायला पसरलंय, अर्धा रस्ता पिंजराने, म्हणजे भाताच्या काडाने, झाकलेला. परवा माझीच मोटरसायकल त्यावरून घसरता घसरता वाचली. ओल्या पिंजरावर दोन चाकांचं काही खरं नसतं. ते उचललं जाईपर्यंत तिला सायकलवरूनही पाठवायचा धीर होत नाही.

धामण्याचा पाटील
येळ्ळूरकर, मी धामण्यात राहतो. माझा धाकटा टिळकवाडीतच शिकवणीला असतो, वेळ बहुतेक तीच. मी त्याला ओम्नीने सोडतो, मागच्या सीटवर तिघं बसतील. येळ्ळूरवरून वळसा घ्यायचा म्हणजे मला दहा मिनिटं जास्त, तेवढंच.

येळ्ळूरकर
पाटील, खरंच? पेट्रोलचा अर्धा वाटा मी देणार, त्याशिवाय नाही. आमच्या गल्लीतली अजून एक मुलगी त्याच शिकवणीला आहे. दोघींना घेता येईल का?

धामण्याचा पाटील
घेऊ की. उद्या सव्वासहाला मारुतीच्या देवळापाशी उभ्या राहूदेत. आणि रस्त्यावरचं भात कधी उचलणार तेवढं विचारून ठेवा, मला ओम्नी त्यावरून न्यायची नाही.

येळ्ळूरकर
ते आमच्या भावकीचंच आहे. आत्ताच सांगून आलो, सकाळच्या आत एक बाजू मोकळी करतील.